उसातली भीती

कमी पैशांत भयपट काढायचा ठरला की पहिल्याच बैठकीत आवाजाच्या माणसांना सांगितलं जातं, ‘तुम्ही निभावून न्या.’ दाखवायला पैसा नाही, तेव्हा ऐकवा, असा त्याचा अर्थ. ध्वनिसंकलनाच्या कामात ही मागणी इतक्यांदा कानावर येते की तिचा राग येणं माझ्या बाबतीत कधीच थांबलं. पुढे पुढे तर असं वाटू लागलं की स्वस्तातला भयपट लोकांना का ओढून घेतो, याचं उत्तर या मागणीतच आहे. ज्याच्याकडे भूत उभं करायला पैसे नसतात त्याला भीती प्रेक्षकाकडूनच मागून घ्यावी लागते. ती प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असावी लागते, ओळखीच्या जागेला आणि ओळखीच्या आवाजाला चिकटलेली असावी लागते. मग पाहणारा निम्मं काम स्वतः करतो आणि जे स्वतः केलं ते सहजासहजी झटकून टाकता येत नाही. हे माझं म्हणणं तपासून पाहायला सगळ्यांत योग्य मुलूख मला माझा बीड जिल्हा वाटतो, आणि सगळ्यांत योग्य चित्रपट विशाल फुरिया यांचा २०१७ सालचा ‘लपाछपी’. त्या चित्रपटावर मी काम केलेलं नाही. लिहिते आहे ती धंद्यातली एक प्रेक्षक म्हणून, आणि ज्या जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात त्या जिल्ह्यातली बाई म्हणून.

‘लपाछपी’ची गोष्ट थोडक्यात सांगता येते. दिवस भरत आलेली नेहा नवऱ्याबरोबर शहर सोडून आडबाजूच्या एका घरात लपायला येते, कारण नवऱ्याच्या मागे पैशांसाठी माणसं लागली आहेत. घराच्या चहूबाजूंनी ऊस आहे. घरात तुळसाबाई आहे, पोटुशी बाईची काळजी घेणारी, तिला काय खावं नि कुठं जाऊ नये ते सांगणारी. उसातून पोरांच्या खेळण्याचे आवाज येतात, आणि त्या आवाजांमागे जे निघतं ते जन्मल्या मुलींना मारून टाकण्याच्या चालीपर्यंत जाऊन पोचतं. नेहा झाली आहे पूजा सावंत आणि तुळसाबाई उषा नाईक. एक घर, एक फड, मोजकी माणसं. नावाजलेला नायक नाही, परदेशी भूत नाही. हिशोबाच्या वहीत बघितलं तर यातली सगळ्यांत मोठी गोष्ट, म्हणजे ऊस, शेतकऱ्यानं स्वतः उभी करून ठेवलेली आहे.

उसाच्या आवाजाविषयी मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण माझं म्हणणं तिथेच उभं राहतं. हिरव्या उसाच्या पानांचा आवाज एक असतो आणि खाली वाळलेल्या पाचटाचा वेगळा. वारा सुटला की वरची पानं एकमेकांना घासतात, तो आवाज लांबून पाऊस आल्यासारखा लागतो. पाचट मात्र वाऱ्यानं फारसं वाजत नाही. ते वाजतं कुणीतरी त्यावर पाय दिला तर. त्यामुळे वरचा आवाज चालू असताना खालचा एकच आवाज आला की ऐकणाऱ्याच्या शरीराला कळतं, आत कुणीतरी आहे. हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. ज्यानं रात्री उसाला पाणी दिलं आहे त्याला तर नाहीच नाही. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रपाळीला येते, आणि मग बॅटरी घेऊन, गुडघाभर चिखलात उभं राहून दारं धरावी लागतात. तेव्हा कान लागलेला असतो तो साप, रानडुक्कर यांच्याकडे. उंच उसात दोन हातांपलीकडचं दिसत नाही, भर दुपारीही दिसत नाही. म्हणून उसात भयपट करायला रात्रीचे महागडे दिवे लागत नाहीत. दिवसाउजेडी, साध्या कॅमेऱ्यानं, नुसती सरीच्या तोंडाशी नजर लावली तरी पुरतं. आणखी एक गोष्ट स्टुडिओत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. रात्रीच्या प्रसंगात रातकिड्यांचा आवाज अखंड चालू ठेवायचा आणि एका जागी तो अचानक कापायचा. प्रेक्षकाला काय कापलं हे सांगता येत नाही, पण तो खुर्चीत सावरून बसतो, कारण गावाकडे रातकिडे गप्प झाले म्हणजे जवळून कुणीतरी गेलं असा त्याचा अनुभव असतो. या युक्तीला एक पैसाही लागत नाही. लागतो तो रातकिड्यांच्या आवाजात वाढलेला प्रेक्षक.

आता हा ऊस बीडच्या माणसाला काय आहे ते बघू. माजलगाव, गेवराईकडे कालव्याच्या आणि गोदावरीच्या पाण्यावर ऊस उभा असतो, पण जिल्ह्याचा फार मोठा भाग कोरडवाहू आहे. बालाघाटच्या डोंगरातल्या आणि पायथ्याच्या गावांत ऊस पिकत नाही, तिथून ऊस तोडायला माणसं जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे जिल्ह्यांकडे आणि कर्नाटकात निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, खोपीत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई आजारी पडली, तिला पाळी आली, ती बाळंत झाली, तरी खाडा झाला की पैसे कापले जातात. पोटात बाळ असताना मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरणाऱ्या बायका ही इथली नवलाची गोष्ट नाही. २०१९ साली या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पाहणीत आलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणून ‘लपाछपी’तल्या त्या एका चित्रात, उसाच्या मधोमध उभी असलेली पोटुशी बाई, बीडच्या बाईला दिग्दर्शकानं सांगितलं नसेल तेवढं दिसतं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ती संकटात सापडलेली एक बाई आहे. आमच्याकडच्या प्रेक्षकाला तो हंगाम आहे.

आणि चित्रपटाच्या पोटात जे आहे ते तर आमच्या जनगणनेत आहे. २००१ साली बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली त्या ८०७ उरल्या. महाराष्ट्रातला तो सगळ्यांत खालचा आकडा होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा १९८८ पासून आणि देशाचा कायदा १९९४ पासून आहे, म्हणजे ही घसरण कायदा असताना झाली. २०१२ साली परळीच्या एका दवाखान्यात गर्भपात करताना एका विवाहितेचा मृत्यू झाला, प्रकरण देशभर गाजलं, आणि २०१९ साली न्यायालयानं त्या दवाखान्याच्या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. ‘लपाछपी’त बीडचं नाव कुठेही येत नाही, यायचं कारणही नाही. पण आमच्याकडे तो पाहणाऱ्या माणसाला पडद्यावरचं भूत खोटं आहे हे माहीत असतं आणि त्याच वेळी त्या भुतामागची गोष्ट खरी आहे हेही माहीत असतं. भीती या दोन माहितींच्या मधे तयार होते. भूत जितकं साधं, जितकं स्वस्त, तितकी ही मधली जागा मोकळी राहते. रंगरंगोटी करून, संगणकावर घडवून, दात-नखं लावून भूत समोर उभं केलं असतं तर प्रेक्षकानं भुताकडे पाहिलं असतं. इथे त्याला तुळसाबाईकडे पाहावं लागतं. तुळसाबाई काही अनोळखी नाही. तिचा मऊ आवाज, पथ्यपाण्याच्या सूचना, ‘असंच असतं पोरी’ हा सूर आमच्या घराघरांत आहे.

स्वस्तपणातून आलेली ही पद्धत नवी नाही. रामसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ काढला तो महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात मुक्काम ठोकून, घरचीच माणसं कामाला लावून, साडेतीन लाखांच्या आसपास. त्याआधीचा त्यांच्या वडिलांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ चालला नव्हता, पण त्यातल्या पृथ्वीराज कपूर यांच्या राक्षसी मुखवट्याच्या एका प्रसंगासाठी लोक परत येत होते, हे त्या भावांनी हेरलं. सात भाऊ, कुणी कॅमेरा धरायचा, कुणी आवाज, कुणी संकलन. जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ सालचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पिट्सबर्गजवळच्या एका शेतघरात झाला. १९९९ सालच्या ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये तर चेटकीण दिसतच नाही, तीन तरुण, हातातला कॅमेरा आणि मेरीलँडचं जंगल एवढ्यावर तो जगभर चालला. या सगळ्यांत जागा भाड्याची किंवा फुकटची आहे आणि जागाच मुख्य पात्र आहे. रामसेंच्या चित्रपटांना आमच्याकडे तालुक्याच्या थिएटरांत आणि जत्रेच्या तंबूत हक्काचा प्रेक्षक होता. त्यांना समीक्षकांनी कधी जवळ केलं नाही. मला त्यांचे चित्रपट फार आवडतात असं नाही, पण गढीच्या पडक्या वाड्याची भीती ज्या गावांत आधीच होती त्या गावांत त्यांनी ती तिकीट लावून परत दिली, हे त्यांच्या यशाचं खरं कारण आहे असं मला वाटतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. बहुतेक स्वस्त भयपट वाईट असतात. दार करकरतं, मांजर उडी मारते, आणि तयार आवाजांच्या संग्रहातला तोच तो दणका कानावर आदळतो. आमच्या क्षेत्रात तो दणका इतक्या चित्रपटांत फिरला आहे की डोळे मिटूनही ओळखता येतो. पण हे चित्रपट का फसतात ते पाहिलं तर माझंच म्हणणं पक्कं होतं. ते आपल्याजवळचा थोडका पैसा श्रीमंत चित्रपटाची नक्कल करण्यात घालवतात. साताऱ्याच्या वाड्यात परदेशी बाहुली आणून ठेवतात, मराठवाड्यातल्या घराला क्रूस आणि मेणबत्त्या लावतात, आणि मागे कुठल्याही गावचा न वाटणारा वारा सोडतात. ज्या जागेत चित्रीकरण चाललं आहे त्या जागेचा आवाज त्यांनी मुद्रितच केलेला नसतो. पैसा कमी असल्यानं ते वाईट होत नाहीत, जवळ जे फुकट होतं ते न वापरल्यानं होतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या ज्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे त्यांच्याकडून येतो. या चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २०१३ च्या ऑगस्टमध्ये खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा केला. अशा राज्यात, जिथे अजून एखाद्या बाईला बाहेरचं लागलंय म्हणून मारझोड होते, तिथे भुताचे चित्रपट कशाला, असा हा प्रश्न आहे. माझं उत्तर असं की भुतावर विश्वास ठेवायला लावणारा आणि भुताच्या निमित्तानं माणसाकडे बोट दाखवणारा, असे दोन वेगळे चित्रपट असतात. जो भयपट शेवटी मांत्रिकाला जिंकवतो, अंगाऱ्यानं आणि तावीजानं सगळं निस्तरतो, त्याच्यावर हा आक्षेप पुरता लागू आहे आणि रामसेंच्या पुष्कळ चित्रपटांवरही लागू आहे. ‘लपाछपी’त मात्र विधी, रिवाज, घराण्याचा वंश या गोष्टीच भयाच्या बाजूला उभ्या आहेत. तिथे ज्याची भीती वाटते ते करणी करणारं भूत नव्हे, करणी खरी मानून लेकरांचा जीव घेणारं घर आहे. हा चित्रपट पाहून कुणाची भुतावरची श्रद्धा वाढेल असं मला वाटत नाही. घरातल्या थोरल्या माणसांच्या मायेच्या सल्ल्याकडे संशयानं पाहण्याची सवय लागेल, आणि ती लागलेली बरी.

तिसरा आक्षेप आमच्याच जिल्ह्यातला. आमच्या दुःखाचा तमाशा करून पैसे कमावता, त्यापेक्षा सरळ माहितीपट करा, लोकांना सत्य सांगा. माहितीपट व्हायलाच हवेत, झालेही आहेत. पण ‘सत्य सांगा’ या म्हणण्यात असं धरून चाललेलं असतं की लोकांना सत्य माहीत नाही. बीडमध्ये मुलगी वाचवा हे वाक्य एसटीच्या पाठीवर, शाळेच्या भिंतीवर, दवाखान्याच्या दारात आहे. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर लिंगनिदान केले जात नाही अशी पाटी कायद्यानंच लावावी लागते. माहिती कमी पडलेली नाही. माहिती असलेला माणूस ती स्वतःला लागू करत नाही, अडचण तिथे आहे. तो मनात म्हणतो, हे दुसरे लोक करतात. सामाजिक विषयावरचा सभ्य चित्रपट पाहताना हे म्हणायला भरपूर वाव असतो, कारण तिथे दोषी माणूस पहिल्या प्रसंगापासून दोषी दिसतो. भयपटात तसं होत नाही. तिथे आपण पोटुशी बाईच्या कानांनी ऐकत असतो, तिच्याइतकंच आपल्यालाही दिसत नसतं, आणि जिच्यावर विश्वास टाकला तीच धोका निघते. पाहणाऱ्याची बाजू कुठली हे चित्रपटानं त्याच्या नकळत ठरवून टाकलेलं असतं. मुलगी नको म्हणणाऱ्या घरातला पुरुषही ते दोन तास त्या बाईच्या बाजूनं घाबरतो. भाषण हे करू शकत नाही. एवढ्यानं कुणाचं मन पालटतं असा दावा मी करणार नाही. चित्रपट आणि जनगणनेचे आकडे यांचा असा सरळ संबंध जोडणं अप्रामाणिक होईल. पण ज्या विषयावर घरात कुणी तोंड उघडत नाही त्यावर भुताच्या आडून तरी बोलणं सुरू होतं, ही गोष्ट लहान नाही.

शेवटचा आक्षेप माझ्या व्यवसायातल्या मंडळींचा. चांगला भयपट करायला पैसा लागतोच, ‘तुंबाड’ बघा, असं ते म्हणतात. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ खरोखरच मोठं काम आहे. नारायण धारपांच्या कथेच्या स्फूर्तीतून तो आला, त्याचं चित्रीकरण २०१२ साली सुरू झालं, पावसाळ्यामागून पावसाळे वाट पाहत ते चाललं आणि चित्रपट २०१८ साली पडद्यावर आला. पण तो मोठा झाला तो पैशापेक्षा धीरानं. खोटा पाऊस पाडणं सोपं होतं, त्यांनी खऱ्या पावसासाठी थांबून घेतलं, म्हणजे जागेकडून भीती मागून घेण्याचं तेच तत्त्व त्यांनी पाळलं. आणि ‘लपाछपी’ची तुलना करायला तर अगदी तयार दाखला आहे. त्याच दिग्दर्शकानं २०२१ साली तीच गोष्ट हिंदीत ‘छोरी’ म्हणून केली, नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ यांना घेऊन, अधिक साधनांनिशी. ‘छोरी’ जास्त नेटका आहे, त्याचा आवाज जास्त भरलेला आहे, मीता वशिष्ठ यांचं काम फार ताकदीचं आहे. तरी मी दोन्ही पाहिल्यावर मराठी चित्रपटाच्या बाजूनं कौल देते. हिंदीतल्या बऱ्याच प्रसंगांत संगीत आधी येऊन सांगतं की आता घाबरा. मराठीत पुष्कळदा सांगायला कुणी नसतं. ती पोकळी कदाचित पैशाअभावी राहिली असेल, पण ऐकणारा त्या पोकळीत स्वतःचा ऊस, स्वतःचं पाचट भरतो. ‘छोरी’चा दुसरा भाग २०२५ साली आला तो बालविवाहाचा विषय घेऊन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली नोंदली गेली आहेत. म्हणजे विषय पुन्हा फिरून आमच्याच दारात आला, आणि तो मांडायला माणसं बाहेरची.

या विषयांवर मराठवाड्यात चित्रपट करू पाहणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे की भुताच्या मेकअपवर खर्च करू नका. एक चांगला माइक भाड्यानं घ्या, त्याला वाऱ्यासाठी केसाळ आवरण घ्या, आणि चित्रीकरणाच्या जागेचा रात्रीचा नि पहाटेचा आवाज वेगळा मुद्रित करून ठेवा. संकलनाच्या वेळी तोच कामी येईल. आणि जिल्ह्यात जाणीवजागृतीचे कार्यक्रम करणाऱ्या महाविद्यालयांना, आशाताईंना, ग्रामपंचायतींना विनंती आहे की पाडव्यानंतर टोळ्या गावी परततात, त्या पाच-सहा महिन्यांत कधीतरी रात्री पडदा लावून ‘लपाछपी’ दाखवा. सुरुवातीला भाषण ठेवू नका, पाहुणे बोलवू नका. आवाजाचे दोन कर्णे चांगले आणा, बायकांना पुढे बसवा, आणि चित्रपट संपल्यावर पहिलं बोलणं त्यांच्याकडून येऊ द्या.